पहिला खर्च एसएसडीवर

दहा वर्षांच्या डेस्कटॉपवर मोजकेच पैसे घालायचे असतील, तर ते आधी एसएसडीवर घालावेत. अशा यंत्रात प्रोसेसर थकलेला नसतो, तो बहुतेक वेळ हार्ड डिस्कची वाट पाहत असतो. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीवरची हवी ती जागा हेडखाली यायला सुमारे 12 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर वाचनं. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली उघडतात आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर अडकून राहतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच वाचन मिलिसेकंदाच्या अंशात होतं.

मदरबोर्ड साटा-2 चा असेल तर एसएसडीचा वेग वाया जातो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सेकंदाला 300 एमबीची ती मर्यादा मोठी फाइल कॉपी करताना जाणवते. रोजचा फायदा लहान वाचनांत आहे आणि तो बराचसा पदरात पडतो. रॅम 4 जीबीच असेल, तर मात्र तीही सोबत वाढवावी (डीडीआर3 की डीडीआर4 हे आधी पाहून, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही). विंडोज 11 चालत नाही म्हणून यंत्र भंगारात काढणं मला पटत नाही. त्याच एसएसडीवर लिनक्स मिंट फुकट बसवता येतं.