लेकाची स्पर्धा की जुगार?
हिंजवडीतल्या आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मोबाइल गेमच्या विभागीय स्पर्धेला पोरगा फी मागतोय. हा जुगार तर नाही?" आम्हालाही आधी तसंच वाटायचं.

बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत चौघाचौघांचे १६ संघ एकाच सामन्यात उतरतात. समोरचा एक गडी बाद केला की १ गुण, शेवटपर्यंत टिकलेल्या संघाला वर १० गुण. म्हणजे खेळच. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने अशा ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. स्पर्धेत नाव नोंदवायची फी चालते, बक्षीसही चालतं. पण 'शंभर लावा, दोनशे घ्या' म्हटलं, की तो जुगार. ताई, फी कुणाच्या खात्यात जाते ते आधी बघा. आणि ओटीपी कुणालाच देऊ नका, लेकालासुद्धा.