वार्धक्यातील विसर आणि संशोधनाचा पैसा

घरातील वडीलधारे विसरू लागले की आपण 'वय झाले' म्हणून मोकळे होतो. परंतु खिन्नतेनेही स्मृती मंदावते, आणि खिन्नतेवर उपचार आहे. दोहोंपैकी आधी काय आले, हे एका भेटीत कळत नाही. त्याच माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जावे लागते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढील लोक व त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक जणांची पाहणी केली. तीत आपली दादरा-नगर हवेलीही होती. दहा शब्द ऐकवून काही वेळाने ते पुन्हा सांगावयास लावीत, उदासीनतेविषयीही विचारीत. पुढील २५ वर्षे असेच फिरून भेटण्याचा बेत ठरला होता. पैसा केंद्रीय आरोग्य मंत्रालय, अमेरिकेची राष्ट्रीय वार्धक्य संस्था व संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी दिला. दवाखान्यावर दात्याच्या नावाची पाटी तरी लागते. या कामी तीही नाही, म्हणून असा पैसा जमविणे कठीण.