सर्दीची गोळी एक, औषधं तीन



दसऱ्याच्या आगेमागे आपल्याकडे सोयाबीनच्या राशी सुरू होतात. लातूर असो की नांदेड, बनीम मोडून काड मळणी यंत्रात जायला लागलं की भुसकट उडतं आणि घराघरात शिंका सुरू होतात. एकामागून एक दहा-बारा शिंका, नाकातून पाण्याची धार, डोळ्यांना खाज, टाळूला खाज. मग कुणीतरी मेडिकलवर जाऊन म्हणतं, "सर्दीची गोळी द्या." एक पट्टी येते आणि तीच आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना दिली जाते. आज बोलायचं आहे ते या पट्टीबद्दल.

आधी आजार ओळखू या. पडशात अंग दुखतं, कधी ताप येतो आणि आठवड्याभरात ते बरं होतं. ॲलर्जीची सर्दी मात्र धूळ, बुरशी, गाजरगवताचे परागकण नाकात जातात तोवर चालूच राहते. इंग्रजीत तिला 'हे फिव्हर' म्हणतात. नावात ताप आहे, पण या आजारात ताप नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पट्टी उलटी करून बघा. बहुतेक गोळ्यांत तीन नावं सापडतात.

पहिलं क्लोरफेनिरामाइन. हे शिंका, खाज आणि नाकातलं पाणी थांबवतं, पण गुंगी आणतं. रात्री घेतली तरी सकाळी डोकं जड राहू शकतं. अशा वेळी मोटारसायकल चालवणं किंवा मळणी यंत्रात काड घालणं म्हणजे हात गमावण्याची वेळ. त्यावर दारू घेतली तर गुंगी दुप्पट. घरातल्या पुरुषांना हे आवर्जून सांगा.

दुसरं फिनाइलएफ्रिन. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून ते घातलेलं असतं. पण ते रक्तदाब वाढवू शकतं, छातीत धडधड करू शकतं. शिवाय पोटातून घेतल्यावर नाक मोकळं होतं का, याबद्दलच शंका आहे. उपयोग दिसत नाही म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते तोंडाने घ्यायच्या सर्दीच्या औषधांतून काढायचा प्रस्ताव मांडला.

तिसरं पॅरासिटामॉल, तापाचं आणि दुखण्याचं औषध. आपल्या आजारात ताप नाही, मग हे कशाला? एखादी बाई सर्दीची गोळी घेते, वर अंगदुखीची वेगळी गोळी घेते. दोन्हींत पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, यावर गेलं तर यकृताला धोका असतो. वजन कमी असेल किंवा दारूची सवय असेल तर याहून कमी गोळ्यांतही.

ही गोळी कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये? रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्या सासूबाईंनी. लघवी अडखळत होणाऱ्या सासऱ्यांनी, कारण प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी पूर्णच अडकू शकते. काचबिंदू, थायरॉइड, मधुमेह असणाऱ्यांनी, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने.

आणि लेकरांचं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना देणं तर मुळीच नको.

मग करायचं काय? नुसत्या शिंका आणि खाज असेल तर तीन औषधांची गरज नाही, एकाच औषधाची गोळी बहुतेकांना पुरते. सेटिरिझिनने गुंगी कमी येते, फेक्सोफेनाडीनने आणखी कमी. पण सेटिरिझिन आणि सर्दीची गोळी एकत्र घेऊ नका, दोन्ही एकाच कामाची आहेत. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या वर वापरू नका, थेंबांनीच नाक पुन्हा चोंदायला लागतं. दरवर्षी हाच त्रास होत असेल तर डॉक्टर नाकात मारायचा फवारा देतात, तो रोज वापरावा लागतो. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे.

राशीच्या वेळी नाकातोंडाला रुमाल घट्ट बांधा, भुसकट ज्या बाजूला उडतं तिकडे उभं राहू नका, घरी आल्यावर आधी तोंड धुवा, कपडे बदला. गाजरगवत फुलायच्या आधीच, हात झाकून, मुळासकट उपटा.

गोळी घेतल्यावर लघवी अडकली, छातीत धडधड वाढली, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा लेकरू हलवूनही जागं होत नसेल, तर १०८ला फोन करा आणि पट्टी सोबत न्या. दम लागत असेल, छातीत घरघर असेल, तर ती नुसती सर्दी नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटी एक काम सांगते. मेडिकलवाला दोन गोळ्या कापून देतो तेव्हा नावाची बाजू दुसऱ्या तुकड्यावर राहते. नाव असलेलाच तुकडा मागा, नाहीतर कागदावर लिहून घ्या. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा. गोळी तोंडात टाकण्याआधी तिच्यात काय आहे, हे घरातल्या एकीला तरी माहीत असू द्या.