समुद्रतळाची वानगी

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. घरांत पंचवीस पानें मांडावयाचीं असलीं, तरी सुगृहिणी पातेल्यांतील एकच शीत बोटांत दाबून पाहते व भात झाला कीं नाहीं तें सांगते. आडत्याच्या दुकानीं तुरीचें पोतें आलें म्हणजे तो तें उसवीत बसत नाहीं. टोंकदार पोकळ नळी पोत्याच्या कुशींत खुपसतो आणि मूठभर दाणे तळहातावर घेऊन साऱ्या मालाचा भाव ठरवितो. या मूठभर दाण्यांस आपल्या भाषेंत वानगी असा सुरेख शब्द आहे. आज आम्ही वाचकांपुढें जी वानगी ठेवणार आहों, ती धान्याची नसून समुद्राच्या तळाशीं साठलेल्या चिखलाची आहे. चिखलाचें नांव ऐकून कोणी नाक मुरडूं नये. कारण त्या चिखलांत आपल्याच शेतांची माती आहे.

आमच्या रेणापुराजवळून वाहणारी रेणा नदी तशी लहान. उन्हाळ्यांत तिचें पात्र कोरडें पडतें आणि पावसाळ्यांत तीच गढूळ पाणी घेऊन धांवते. ती मांजरेस मिळते. बालाघाटच्या डोंगरांत उगम पावलेली मांजरा कंदकुर्तीपाशीं गोदावरीच्या ओटींत पडते. आणि त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी सुमारें १४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. शाळेंत आम्ही मुलांकडून हें सारें घोकून घेत असूं, आणि नकाशावरील निळी रेघ समुद्रास टेंकली कीं भूगोलाचा धडा संपत असे. नदीच्या मातीचा धडा मात्र त्यापुढें कित्येक सहस्र वर्षें चालूं राहतो. जड वाळू मुखापाशींच बसते; बारीक माती दूरवर जाऊन खोल पाण्यांत हळूहळू खालीं उतरते. तिच्याबरोबर समुद्रांतील सूक्ष्म जीवांचे शंखही तळास जातात. असा थरावर थर बसतो; जुना खालीं, नवा वर. जणूं गांवच्या कुळकर्ण्यानें लिहिलेलें दप्तरच तें. फरक इतकाच कीं यांतील एकही नोंद मागाहून खाडाखोड केलेली नसते.

हें दप्तर वाचावयाचें तर तें वर आणावें लागतें. इ. स. २००६ सालीं भारत सरकारनें समुद्रतळाखालीं बर्फासारख्या रूपांत गोठून राहिलेला ज्वालाग्राही वायू शोधण्यासाठीं एक मोहीम काढली. ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ नांवाची, मधोमध उंच मनोरा असलेली, समुद्रतळाला भोंक पाडणारी नौका त्या कामीं लावण्यांत आली होती. तिनें आडत्याच्या नळीचाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. गोदावरीच्या मुखासमोर, सुमारें १२६८ मीटर खोल पाण्याखालीं, तिनें पोकळ नळी तळांत घुसविली आणि गाळाची अखंड कांडी वर काढली. तिच्या वरच्या सुमारें साडेआठ मीटरांत गेल्या अकरा हजार वर्षांचा वृत्तान्त आहे. शोधावयास गेले होते वायू. हातीं आला मराठवाड्याचा, विदर्भाचा व तेलंगणाचा इतिहास.

या गाळाची साक्ष काढण्याच्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. झाडांच्या पानांवर मेणासारखा पातळ थर असतो. तो गळून मातीबरोबर समुद्रांत जातो व हजारों वर्षें टिकतो. ओलाव्यांत वाढणारीं झाडेंझुडपें आणि कोरडी हवा सोसणारीं गवतें यांच्या मेणांत जड व हलक्या कार्बनचें प्रमाण निरनिराळें असतें. तेव्हां त्या मेणावरून त्या काळीं रानांत काय उगवत होतें तें ठरतें. सूक्ष्म शंखांतील प्राणवायूच्या प्रमाणावरून नदीचें गोडें पाणी समुद्रांत किती येत होतें, याचा अंदाज बांधतां येतो. आणि निओडिमियम नांवाच्या धातूच्या प्रमाणावरून माती आपल्या काळ्या कातळाची, कीं पूर्वेकडील अतिप्राचीन खडकांची, तें ओळखतां येतें. अमेरिकेंतील वुड्स होल येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रीतीनें या कांडीचा अभ्यास करून इ. स. २०१२ व २०१७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारें चार हजार वर्षांपूर्वींपासून सतराशें वर्षांपूर्वींपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यांत कोरडेपणास सरावलेल्या वनस्पती वाढत गेल्या, आणि पुढेंही त्याच टिकून राहिल्या, हा पहिला निष्कर्ष. दुसरा त्याहून विचार करावयास लावणारा आहे. पाऊस जसजसा क्षीण झाला, तसतशी मातीची धूप वाढली; आणि पुढें दख्खनच्या पठारावर शेतीचा विस्तार झाला तेव्हां ती आणखीच वाढली.

पाऊस कमी झाला तर माती कमी वाहून जाईल, असें शहरांतील विद्वानास वाटेल. मराठवाड्यांतील शेतकऱ्यास हें कोडें उलगडून सांगावें लागत नाहीं. अवर्षणानें गवत वाळतें, झुडपें जातात, जमीन उघडी पडते. आणि मग चार दिवसांत जो पाऊस कोसळतो, तो उघड्या जमिनीची वरची साय घेऊन जातो. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें आमच्या वाचकांस स्मरत असेलच. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यांत मुसळधार पाऊस होऊन नद्यांना पूर आले. एकाच वर्षांत तहान आणि पूर! चार हजार वर्षांपूर्वींचा गाळ जें सांगतो, तें आपण एका वर्षांत डोळ्यांनीं पाहिलें.

आतां प्रश्न असा कीं, समुद्रतळांतून वर काढलेल्या अशा कांड्या राहतात कोठें, आणि त्यांतील वानगी कोणास मागतां येते? वर सांगितलेली मोहीम भारत सरकारची स्वतंत्र होती; तिची व्यवस्था निराळी. परंतु अनेक राष्ट्रांनीं मिळून इ. स. १९६८ पासून ज्या मोहिमा चालविल्या, त्यांच्या कांड्यांसाठीं जगांत तीन भांडारें आहेत. एक जर्मनींत ब्रेमेन येथें, दुसरें अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं, आणि तिसरें जपानांत कोची येथें. हें कोची केरळांतील नव्हे. जपानच्या शिकोकू बेटावरील त्याच नांवाच्या प्रांतांतील आहे. हिंदी महासागरांतील कांड्या या कोचीलाच असतात. तेव्हां आपल्या उपसागराचा जुना वृत्तान्त जपानी फडताळांत आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

तेथील ठेव पाहून आमच्या घरांतील जुन्या माणसांस संतोष वाटेल. साडेनऊ मीटरांची कांडी दीड दीड मीटरांचे तुकडे करून उभी चिरतात. एक फाळ कामाची आणि दुसरी जपणुकीची. आपल्याकडे नित्यपाठाची पोथी निराळी असे आणि मूळ हस्तलिखित बासनांत बांधून वर ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार. जपणुकीच्या फाळीचीं छायाचित्रें घेतात, यंत्रानें तिची तपासणी करतात, पण तिला सहसा सुरी लावीत नाहींत. दोन्ही फाळी सुमारें चार अंश उष्णतेच्या थंड कोठारांत राहतात, म्हणजे ओल उडत नाहीं आणि बुरशी धरत नाहीं. प्रत्येक तुकड्यावर मोहिमेचा, स्थानाचा, भोंकाचा, कांडीचा व तुकड्याचा अंक असतो. त्यापुढें वरून किती सेंटिमीटरांवर, हा आंकडा घातला कीं जगांतील कोणाही संशोधकास नेमकी तीच जागा सांपडते. पाणिनीच्या सूत्रास अध्याय, पाद व सूत्र यांचे आंकडे असतात, तशीच ही सोय.

वानगी मागण्याची रीत फार अवघड नाहीं, पण ती काटेकोर आहे. मोहीम संपल्यावर एक वर्षपर्यंत तीवर गेलेल्या संशोधकांचा पहिला हक्क असतो. ज्यांनीं दोन महिने समुद्रांत काढले त्यांस इतकें झुकतें माप न्याय्यच आहे. पुढें भांडार सर्वांस खुलें होतें. संशोधकांखेरीज अध्यापन करणारे शिक्षक व संग्रहालयें यांनाही मागणी करतां येते. अर्जांत चार गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात: प्रश्न कोणता, त्यासाठीं कोणत्या कांडीची कोणती जागा हवी, प्रत्येक ठिकाणची किती माती हवी, आणि तिची परीक्षा कोणत्या पद्धतीनें करणार. पूर्वीं कोणी त्याच जागेवर काम केलें आहे काय, हें आधीं पाहून ठेवावें लागतें. मग भांडाराचे व्यवस्थापक तो अर्ज तपासतात. मागणी अवाजवी वाटल्यास ती कमी करण्यास सांगतात. एका जागेची वानगी साधारणतः दहा घन सेंटिमीटरांच्या आंतबाहेर, म्हणजे चहाचे दोन चमचे. तिचें मोल घेत नाहींत. परंतु तिच्यावरून जें कळेल तें प्रसिद्ध करावें, वानगी कोठून मिळाली तें लिहावें, आणि उरलेली माती परत करावी, अशीं बंधनें असतात.

येथें आम्हांस रघुवंशांतील कौत्साची आठवण होते. गुरुदक्षिणेसाठीं त्यास चौदा कोटी सुवर्ण हवें होतें. रघूनें कुबेराकडून मिळालेली सारी रास पुढें केली, पण कौत्सानें चौदा कोटींवर एक नाणेंही घेतलें नाहीं. दाता अधिक देऊं पाहतो आणि याचक अधिक घेत नाहीं, हा देखावा साकेतच्या लोकांस धन्य वाटला असें कवि सांगतो. भांडाराच्या मागणीचा मर्म हाच आहे. वामनानें तीन पावलें मागून त्रैलोक्य व्यापलें, ती युक्ति येथें चालावयाची नाहीं. कारण या ठेवींतील प्रत्येक चमचा एकदां गेला कीं गेला. धान्याची वानगी पुढील सुगींत पुन्हा मिळेल. या गाळाची सुगी सहस्रावधि वर्षांनीं होते. शिवाय ज्या नौकेनें यांतील पुष्कळ कांड्या वर काढल्या, त्या ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ची अखेरची मोहीम ऑगस्ट २०२४ मध्यें संपली. तेव्हां असलेल्या ठेवीचें मोल आतां अधिकच वाढलें आहे.

आपल्या दोन्ही समुद्रांतील ठेव या भांडारांत आहे, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २०१५ च्या जानेवारीअखेरीपर्यंत हीच नौका बंगालच्या उपसागरांत व अंदमानच्या समुद्रांत केवळ मोसमी पावसाचा इतिहास शोधण्यासाठीं फिरली. तींतील, महानदीच्या मुखासमोरच्या एका कांडीवरून गेल्या नऊ लक्ष वर्षांच्या पर्जन्याचा आलेख काढण्यांत आला व तो २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. हवेंत कर्बवायु अधिक असतां आपला पाऊस वाढतो, असें त्यावरून दिसून आलें. पुढील शतकांचे अंदाज बांधतांना या पुराव्याचें महत्त्व उघड आहे. २०१५ सालींच मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंत दुसरी मोहीम अरबी समुद्रांतील लक्ष्मी खोऱ्यांत झाली. ती कोलंबोहून निघून मुंबईस संपली. गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्थेचे धनंजय पांडे हे तिच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकीं एक होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर सुमारें एक कोटी आठ लक्ष वर्षांपूर्वीं समुद्रतळाचा प्रचंड कडा कोसळला होता. ‘नटराज’ नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या दरडीचा ढिगारा या मोहिमेंत प्रत्यक्ष हातीं आला.

ही माहिती आम्ही केवळ मनोरंजनासाठीं दिली नाहीं. आपल्या घरांतील मुलें व मुली आतां भूशास्त्र, रसायन, पर्यावरण असे विषय घेऊन पदवीपुढें शिकूं लागलीं आहेत. त्यांस वाटतें कीं असलें संशोधन म्हणजे परदेशांतील धनिक विद्यापीठांचें काम. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतून त्याचें नांव काढणें म्हणजे चंद्रास हात लावणें. ही समजूत सोडून द्यावी. नौका बांधण्यास कोट्यवधि लागतात; पण दोन चमचे मातीसाठीं अर्ज लिहिण्यास लागतो तो नीट विचारलेला प्रश्न, चार महिन्यांचें वाचन आणि पाठीशीं उभा राहणारा अध्यापक. माती तपासण्याचें साधन आपल्या महाविद्यालयांत नसेल, तर गोव्यास दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इ. स. १९६६ पासून आहे, वास्कोची संस्था आहे; तेथील जाणत्या माणसांस आधीं पत्र लिहावें आणि त्यांच्या सहकार्यानें अर्ज करावा. अर्ज नाकारला गेला, तरी व्यवस्थापक काय कमी पडलें तें कळवितात. तेवढी शिकवणही थोडी नव्हे. मोघम मागणारास कोठेंच कांहीं मिळत नाहीं. नेमकें मागणारास बहुधा मिळतें.

आणि वडील मंडळींनीं आपल्या परीनें एक गोष्ट अवश्य करावी. आपलीं बहुतेक घरें आतां शहरांत असलीं, तरी कोणाची ना कोणाची दोनचार एकर जमीन गांवीं असतेच; ती कोणी वांट्यानें करीत असतो. पुढील मृगापूर्वीं तिचा बांध पाहून यावें. फुटला असेल तेथें दगड लावावेत, उतारावर आडवी नांगरट करण्यास सांगावें, बांधावर गवत राहूं द्यावें. समुद्रतळाच्या दप्तरांत आपल्या पिढीचा थर आजही बसत आहे. तो किती जाड असावा, हें कांहीं अंशीं आपल्या हातीं आहे. पुढें कोणी अर्ज करून त्या थराची वानगी मागेल, तेव्हां तो जितका पातळ निघेल तितकी आपली शेतें शाबूत राहिलीं असें ठरेल.