सौदा कोण जिंकलं? चार टीमच्या एका अदलाबदलीतून शिका

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, डील चांगली झाली की फसलो, हे कसं ओळखायचं?" आज त्यासाठी अमेरिकेतल्या बेसबॉलचं एक उदाहरण घेऊ. बेसबॉल कळत नसलं तरी चालेल, व्यवहार कळला की झालं.

तारीख ३१ जुलै २००४. तिथे सीझन चालू असताना टीम आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. त्या दिवशी एकाच सौद्यात चार टीम होत्या.

बोस्टन रेड सॉक्सने आपला सगळ्यात लाडका खेळाडू नोमार गार्सियापारा देऊन टाकला. बदल्यात ओर्लांडो कॅब्रेरा आणि डग मिंटकेविच घेतले. दोघंही नाव कमी, पण फिल्डिंग पक्की. फॅन्स भडकले. पण गार्सियापाराला दुखापती होत्या, करार त्याच वर्षी संपत होता आणि टीमची खरी गळती फिल्डिंगमध्ये होती. त्या वर्षी बोस्टन ८६ वर्षांनी चॅम्पियन झालं. फक्त या सौद्यामुळे नाही हां, पण भोक तरी बुजलं!

शिकागो कब्जला मोठं नाव मिळालं. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, हेच जिंकले. पण ते प्लेऑफलाही पोचले नाहीत आणि पुढच्या वर्षी गार्सियापारा दुखापतीने बराच काळ बाहेर बसला.

माँट्रियल एक्स्पोजचा कॅब्रेरा तसाही वर्षअखेर करार संपून मोकळा होणार होता. हातचं जाण्याआधी त्यांनी बदल्यात तीन खेळाडू घेतले.

मिनेसोटा ट्विन्सला मिळालेला तरुण पिचर मेजर लीगमध्ये कधी खेळलाच नाही. म्हणजे तोटा? थांबा. मिंटकेविच गेल्यावर त्याची जागा जस्टिन मॉर्नोसाठी मोकळी झाली आणि २००६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वहीत न दिसणारा नफा तो हाच.

माझंही ऐका. दुकान नवीन असताना एका मोठ्या ब्रँडच्या नावाला भुलून मी दर्शनी रॅक त्यांना दिला आणि रोज खपणारा घरगुती फरसाण मागे ढकलला. तीन महिन्यांत गल्ला सांगू लागला की मी शिकागो झालोय.

म्हणून सही करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा:

१. माझी गळती कुठे आहे आणि या सौद्याने ती थांबते का?
२. जे देतोय ते माझ्याकडे अजून किती दिवस टिकणार आहे?
३. यातून कोणती जागा, वेळ किंवा भांडवल मोकळं होतंय?

समोरचा जिंकला म्हणजे आपण हरलो असं नसतं. दोघांची गरज वेगळी असेल तर दोघंही जिंकतात. पण स्वतःची गरजच माहीत नसेल, तर मोठं नावसुद्धा महागात पडतं.

तुमचा शेवटचा सौदा या तीन प्रश्नांवर तपासा आणि उत्तर कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत भेटूच!