हरल्यावरही मिळणारा गुण

मावळातल्या गावोगावच्या कबड्डी स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या (हरला तो बाहेर) असतात. त्यामुळे प्रो कबड्डीतही पराभव म्हणजे शून्य, असा समज सहज होतो.

२०२३-२४च्या दहाव्या हंगामाच्या साखळी फेरीत (प्रत्येक संघ इतर सर्वांशी खेळतो) तसे नव्हते. विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास १ गुण होता. गणितात उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, तसेच हे.

त्या हंगामात पुणेरी पलटण संघाचे १७ विजय, ३ बरोबरी: ८५ अधिक ९, म्हणजे ९४. तक्त्यात मात्र ९६! दोन्ही पराभव निसटते होते.

म्हणूनच हरणारा संघही शेवटच्या चढाईपर्यंत फरक कमी करायला झुंजत होता. पलटणने पुढे हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नमवून पहिले विजेतेपद मिळवले.