गुडघा न हलवता मांडीला बळ

‘गुडघे दुखतात म्हणून आता बाहेर पडत नाही,’ हे वाक्य मला दवाखान्यात वरचेवर ऐकावे लागते. रत्नागिरीत ते स्वाभाविकही आहे. इथे घराबाहेर पाऊल टाकले की चढ, उतार नाहीतर पाखाडी! पण चालणे थांबले की मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. गुडघ्याला सावरणारा तोच. तो दुबळा झाला की सांध्यावरचा भार वाढतो आणि दुखणेही.

अशा वेळी आयसोमेट्रिक, म्हणजेच स्थिर व्यायाम उपयोगी पडतो. यात स्नायू आवळला जातो, पण सांधा हलत नाही. मल्लखांबावर आढी घालून स्थिर राहिलेला मुलगा पाहा. हालचाल दिसत नाही, तरी स्नायू झटत असतात. १९५३ साली हेटिंगर आणि म्यूलर या जर्मन संशोधकांनी रोज एकदा सहा सेकंद जोर लावला तरी ताकद आठवड्याला सुमारे पाच टक्के वाढते, असे मांडले. पुढच्या प्रयोगांत वाढ इतकी झपाट्याने दिसली नाही. तरी ताकद वाढते, हे खरेच.

पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडी घट्ट होईल, वाटी किंचित वर सरकेल. पाच-सहा अंक मोजून सैल सोडा, तेवढीच विश्रांती घ्या. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. प्लॅस्टरमधल्या पायाचा स्नायू टिकावा म्हणूनही हाच व्यायाम सांगतात, अर्थात डॉक्टरांच्या परवानगीने.

अंक मात्र मोठ्याने मोजा! मनात मोजणारी मंडळी हटकून श्वास कोंडतात आणि रक्तदाब एकदम चढतो. २०२३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आलेल्या आढाव्यात नियमित स्थिर व्यायामाने विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब चांगलाच उतरल्याचे दिसले. पण जोर लावतानाचा दाब ही वेगळी गोष्ट. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी किंवा नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक मर्यादा आहे. सांधा ज्या कोनात ठेवून जोर लावाल, त्याच्या आसपासच ताकद प्रामुख्याने वाढते. सरळ पायाने कमावलेले बळ पाखाडी उतरताना पुरे पडत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी भिंतीला पाठ टेकून, गुडघे थोडेसेच वाकवून काही सेकंद उभे राहा. शेजारी खुर्ची असू द्या. ते जमले की हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्याचा सराव करा आणि मग घराजवळच्या चार पायऱ्या. गुडघा सुजून गरम लागत असेल, तर मात्र व्यायाम थांबवून आधी तपासून घ्या.